केगमध्ये बिअर भरताना हवेला जागाच ठेवू नका

स्टुटगार्टला असताना मी घरी केलेली पहिली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, केगमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या स्टीलच्या पिंपात, भरली त्या दिवशी पिवळीधमक होती आणि पेला नाकाशी नेला की संत्र्याच्या सालीसारखा वास यायचा. तिसऱ्या आठवड्यात तिचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, वास गेला आणि घोट घेतल्यावर ओल्या पुठ्ठ्याची चव जिभेवर राहू लागली. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) चांगलं होतं, यीस्ट ताजं होतं, भांडी मी दोनदा धुतली होती. चूक शेवटच्या वीस मिनिटांत झाली होती. फर्मेंटरची, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याची, तोटी उघडून, नळी वरून सोडून, उघड्या केगमध्ये मी बिअर धबधब्यासारखी ओतली होती.

आता मी सावद्याला केळीच्या धंद्यात आहे. माझा भाचा आणि फैजपूर-भुसावळकडची त्याची दोस्तमंडळी जर्मनीत शिकायला, नोकरीला गेली आहेत आणि हौसेनं घरी बिअर करतात. त्यांचे फोन येतात, आणि दर वेळी अडलेलं असतं ते याच वीस मिनिटांत. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो.

आधी कायद्याचं. जर्मनीत घरच्या वापरासाठी वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त करता येते (२०२४ च्या आधी ही मर्यादा २०० लिटर होती), मात्र सीमाशुल्क कार्यालयाला कळवावं लागतं. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. आपल्याकडे तसं नाही. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा बिअर आंबवणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरती केली तरीही. त्यामुळे इथे, खान्देशात बसून हे शिकायचं असेल तर सराव पाण्यावर करा आणि मग आलं-लिंबाच्या सोड्यावर करा. मी स्वतः ओट्यावर केग मांडून भाच्याला व्हिडिओ कॉलवर सगळं पाण्यानंच करून दाखवतो. नळ्या, व्हॉल्व, दाब, क्रम, सगळं तेच. लिंबाचा रसही हवेनं कडवट आणि तपकिरी होतो, म्हणजे फरकसुद्धा चाखून कळतो.

नेमकं बिघडतं काय

भरताचं वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, केळ सोलून ठेवलं की तपकिरी होतं. आपल्या भागातल्या माणसाला हवा काय करते ते वेगळं सांगावं लागत नाही. बिअरमध्ये हे इतक्या लवकर दिसत नाही, पण थांबतही नाही. ऑक्सिजन आधी हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) सुवास खातो, मग रंग गडद करतो, मग पुठ्ठ्याची आणि शिळ्या मधाची चव आणतो. पुठ्ठ्याच्या चवीमागे ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग असतं आणि ते इतक्या थोड्या प्रमाणात जिभेला कळतं की थोडं असलं तर चालेल, असं म्हणायची सोय नाही. तांब्याचे किंवा लोखंडाचे अंश बिअरमध्ये उतरले तर हे सगळं आणखी वेगानं होतं. म्हणून थंड बिअरच्या वाटेत पितळी जोड किंवा गंजलेला स्क्रू नको.

नवशिक्याचा एक गोंधळ इथेच सोडवतो. यीस्ट टाकण्याच्या वेळी वर्टमध्ये (माल्टच्या गोड, अजून न आंबलेल्या काढ्यात) हवा मुद्दाम घालतात, मग नंतर तीच हवा वाईट कशी? सुरुवातीला यीस्टला वाढायला ऑक्सिजन लागतो आणि ते तो काही तासांत संपवून टाकतं. आंबवण संपलं की यीस्ट खाली बसतं, ऑक्सिजन संपवणारं कोणी उरत नाही, आणि मग तो बिअरवरच लागतो. यीस्ट टाकेपर्यंत हवा मित्र. आंबवण सुरू झालं की तिचं काम संपलं.

आता आकडा बघा, कारण आकडा पाहिल्यावर माझी स्वतःची सवय बदलली. एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. १९ लिटरच्या केगमध्ये १८ लिटर बिअर भरली आणि वर एक लिटर साधी हवा राहिली, तर बिअरच्या प्रत्येक लिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन झाला. मोठे कारखाने लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी राहावा म्हणून धडपडतात. आपण एका झाकणाखाली त्यांच्या दीडशे पट ठेवून मोकळे होतो, आणि त्यात ओतताना उडालेला फेस धरलेलाच नाही.

पांघरुणाची समजूत

बहुतेक मुलं म्हणतात, "मामा, केगमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतो ना, तो जड असतो, खाली थर धरतो, मग बिअर त्याच्याखाली सुरक्षित." ही समजूत पक्की बसलेली आहे आणि ती चूक आहे.

आपल्या डोक्यात लोणच्याची बरणी असते. कैरीवर तेलाचा चार बोटं थर आला की वरची हवा खाली जात नाही, लोणचं वर्षभर टिकतं. पण तेल द्रव आहे, ते मिठाच्या रसात मिसळत नाही, म्हणून तो थर खरा असतो. वायूंचं तसं नसतं. स्वयंपाकघरात फोडणी पडली की माळ्यावर झोपलेल्याला ठसका लागतो, तसे वायू एकमेकांत पसरतात. केगच्या तोंडातून गॅस फुसकन सोडला की तो आतल्या हवेला ढवळतो आणि दोघांचं मिश्रण होतं. थर होत नाही. उघड्या केगमध्ये दहा सेकंद गॅस सोडून झाकण लावणं म्हणजे हवा थोडी पातळ करणं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग जुन्या विहिरीत उतरताना आधी दिवा का सोडतात? खोल विहिरीत वारा नसतो, तिथे वायू दिवसेंदिवस आत तयार होत राहतो आणि बाहेर पडायला वाट नसते. केगमध्ये आपण स्वतः खळबळ करत असतो.

मग करायचं काय? एक रस्ता म्हणजे झाकण बंद करून दाब भरायचा आणि सोडायचा, पुन्हा भरायचा आणि सोडायचा. गेजवर २ बार (बार हे दाबाचं माप, १ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) येईपर्यंत गॅस भरला आणि वरचा सेफ्टी व्हॉल्व ओढून सोडला की आतल्या ऑक्सिजनचं प्रमाण एक तृतीयांश होतं. हवेत दहा लाख भागांमागे २ लाख १० हजार भाग ऑक्सिजन असतो. तीन वेळा केलं की सुमारे ७,८०० उरतो. पाच वेळा केलं की ८६४. दहा वेळा केलं तर ४ च्याही खाली जातो. म्हणजे 'दोन-तीनदा फुसफुस केलं' यानं काम होत नाही, दहा वेळा करावं लागतं. आणि दर खेपेला ७० ग्रॅम गॅस जातो, दहा खेपांत ७०० ग्रॅम. दोन किलोचं सिलिंडर असेल तर एक तृतीयांश एका केगच्या तयारीतच गेलं.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो आणि नवशिक्याला मी तोच सांगतो. केग आधी पाण्यानं काठोकाठ भरायचा. जिथे पाणी आहे तिथे हवा नाही. मग ते पाणी गॅसनं ढकलून बाहेर काढायचं. पाण्याच्या जागी गॅसच येतो, हवा येतच नाही. याला गॅस लागतो ५० ग्रॅमच्या आसपास.

केग तयार करणं

केग म्हणजे इथे १९ लिटरचा, स्टीलचा, वर अंडाकृती झाकण असलेला कॉर्नी केग. त्याच्या माथ्यावर दोन तोंडं असतात. एकाखाली आखूड नळी असते, ते गॅसचं तोंड. दुसऱ्याखाली तळापर्यंत जाणारी लांब नळी असते, ते बिअरचं. ही दोन तोंडं डोळे मिटून ओळखता आली पाहिजेत, कारण पुढचं सगळं यांच्यावर आहे. गॅसच्या तोंडाला बहुधा खाचा केलेल्या असतात. नाही ओळखलं तर रंगीत टेप गुंडाळा.

वायसर आणि ओ-रिंग तपासा. झाकणाची मोठी रिंग बोटानं दाबून बघा, कडक झाली असेल तर बदला, जुनीत जीव अडकवू नका. रिंगेला खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. मग रिकामा केग बंद करून २ बार दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून जसा बुडबुडा शोधतो, तसंच. इथे गळती सापडली तर नशीब, बिअर भरल्यावर सापडली तर रात्रभरात सिलिंडर रिकामं होतं.

आता केग भरायचा. साधं पाणी नको, निर्जंतुक द्रव मिसळलेलं पाणी घ्या. फॉस्फरिक आम्लाचं, नंतर धुवावं न लागणारं द्रव मिळतं, ते उत्तम. ब्लिचिंगचं पाणी स्टीलमध्ये ठेवू नका, क्लोरीननं स्टीलला बारीक खड्डे पडतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात, त्यात हे आम्लाचं द्रव दुधी होतं आणि त्याची ताकद उतरते, म्हणून सरावालासुद्धा आरओचं पाणी घ्या. हे द्रव फेकायचं नसतं, एका केगमधून दुसऱ्यात ढकलत पुन्हा वापरता येतं.

काठोकाठ म्हणजे खरोखर काठोकाठ. झाकण बसवल्यावरही माथ्याच्या घुमटात पावशेरभर हवा अडकून बसते, आणि बहुतेकांची गफलत इथे होते. झाकण लावा, सेफ्टी व्हॉल्व उघडा ठेवा, केग असा कलता धरा की गॅसचं तोंड सगळ्यात वर येईल, आणि लांब नळीच्या तोंडातून आणखी द्रव आत सोडत राहा. व्हॉल्वमधून किंवा गॅसच्या तोंडातून फेस नाही, सलग द्रव बाहेर आलं की थांबा. हात ओले होतात, लादी ओली होते, होऊ द्या.

मग गॅसच्या तोंडाला सिलिंडरची नळी जोडा, रेग्युलेटर ०.३ बारवर ठेवा, आणि बिअरच्या तोंडाला लावलेली नळी बादलीत सोडा. द्रव शांतपणे निघून जाईल. शेवटी नळीतून फुर्र आवाज आला की बिअरची नळी काढा. घुमटात चुकून उरलेल्या थोड्या हवेसाठी आता २ बारची फुसफुस तीन वेळा करा. इथे तीन पुरतात, कारण सुरुवातच जवळजवळ शून्यापासून आहे. केग तयार झाला. आता हे झाकण बिअर संपेपर्यंत उघडायचं नाही. भाचा एकदा म्हणाला, "आत थोडं द्रव राहिलंय वाटतं, उघडून पुसू का?" नको रे बाबा. तळाशी दोन-चार चमचे राहिले तर बिअरला काही होत नाही. उघडलंस तर तासाभराची मेहनत गेली.

तिसरा रस्ताही आहे आणि तो फुकटचा आहे. २० लिटर साधारण ५ टक्क्यांच्या बिअरमधून आंबवणाच्या दिवसांत साडेतीनशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. फर्मेंटरच्या झाकणावरची नळी केगच्या लांब नळीच्या तोंडाला जोडा, आणि गॅसच्या तोंडातून दुसरी नळी पाण्याच्या बरणीत बुडवा. आठवडाभरात केग आपोआप अठरा-वीस वेळा धुऊन निघतो. मात्र जोरात आंबवण चालू असताना फेस वर चढून नळीत गेला आणि केगच्या तोंडातल्या बारीक व्हॉल्वमध्ये अडकला, तर फर्मेंटरचं झाकण उडतं. म्हणून मध्ये एक रिकामी बाटली फेस धरायला ठेवा. पहिल्या एक-दोन खेपांना मी हे सांगत नाही. हात बसल्यावर जरूर करा.

थंड करताना लागणारी ओढ

केगमध्ये भरायच्या आधी बिअर एक-दोन अंशांपर्यंत थंड करून गाळ खाली बसवतात. त्याआधी हायड्रोमीटरचं (बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणाऱ्या तरंगत्या काडीचं) वाचन दोन-तीन दिवसांच्या अंतरानं सारखंच येतंय ना, ते पाहा, नाहीतर अर्धवट आंबलेली बिअर बंद केग फुगवेल.

थंड होताना आतला वायू आकसतो, थोडा बिअरमध्ये विरघळतो, आणि फर्मेंटर एअरलॉकमधून (गॅस बाहेर जाऊ देणाऱ्या, झाकणावरच्या पाण्याच्या छोट्या नळीतून) बाहेरची हवा ओढून घेतो. एअरलॉकचं पाणीसुद्धा आत जातं. लोक केगची एवढी काळजी घेतात आणि इथे रात्रभर हवा पीत बसलेली बिअर त्यांना दिसत नाही. उपाय सोपा आहे. एअरलॉकच्या जागी कार्बन डायऑक्साइडनं भरलेला जाड फुगा किंवा पिशवी नळीनं जोडा. फर्मेंटर जसजसा ओढेल तसतसा फुगा बसत जाईल. दाब सहन करणारा फर्मेंटर असेल तर थंड करण्याआधी त्यात ०.३-०.४ बार दाब भरून ठेवा, काम झालं.

इथेच एक ताकीद. आंबवायची प्लास्टिकची बादली किंवा काचेची मोठी बरणी दाबासाठी नसते. "थोडासाच देतो" म्हणून रेग्युलेटर जोडू नका. काच फुटली तर तिचे तुकडे अंगात घुसतात. अशा भांड्यातून बिअर काढायची ती फक्त उंचीच्या जोरावर.

बिअर उतरवणं

फर्मेंटर टेबलावर, केग जमिनीवर. तोटी असलेला फर्मेंटर घ्या, तोंडानं किंवा हातपंपानं ओढून काढायच्या नळीत हवा शिरतेच.

दोन नळ्या लागतात. पहिली तोटीपासून केगच्या बिअरच्या तोंडापर्यंत. दुसरी केगच्या गॅसच्या तोंडापासून फर्मेंटरच्या झाकणावरच्या भोकापर्यंत, जिथे एअरलॉक होता तिथे. बिअर खाली उतरली की केगमधला कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या नळीनं वर जातो आणि फर्मेंटरमधली रिकामी झालेली जागा भरतो. बंद फेरा. बाहेरच्या हवेला कुठूनच दार नाही. मला ही मांडणी पहिल्यांदा समजली तेव्हा फार आनंद झाला होता, कारण तिला ना पंप लागतो, ना वीज, ना जास्तीचा गॅस.

नळ्या आखूड ठेवा. सिलिकॉनची नळी मऊ, लवचिक, सगळ्यांना आवडते, पण तिच्या भिंतीतूनसुद्धा ऑक्सिजन आत झिरपतो. वीस मिनिटांच्या कामाला एक वेळ चालेल, पण केगपासून बिअर पेल्यात ओतायच्या तोटीपर्यंत महिनाभर जोडून ठेवायची नळी सिलिकॉनची नको. त्यासाठी ऑक्सिजन अडवणाऱ्या अस्तराच्या नळ्या मिळतात.

क्रम चुकवू नका. केगमध्ये मघाचा दाब आहे. तो तसाच ठेवून नळी जोडली तर गॅस उलटा फर्मेंटरमध्ये धावतो आणि बसलेला सगळा गाळ ढवळून काढतो. म्हणून आधी सेफ्टी व्हॉल्व ओढून केगचा दाब शून्यावर आणा, आणि आवाज थांबला की लगेच सोडा. मग गॅसची नळी जोडा. मग बिअरच्या नळीतली हवा काढा: नळीचं एक टोक तोटीला लावा, दुसऱ्या टोकाच्या जोडणीतली मधली पिन स्वच्छ केलेल्या चमच्याच्या दांड्यानं दाबा, तोटी हळूच उघडा. आधी हवा, मग गढूळ बिअर, मग स्वच्छ बिअर येईल. कपभर वाया जाते. ती जाऊ द्या, तिच्यात गाळही गेला आणि हवाही. मग जोडणी केगच्या बिअरच्या तोंडावर दाबून बसवा आणि तोटी पूर्ण उघडा.

बिअर लांब नळीतून तळाशी उतरते आणि खालून वर चढत जाते. ना धबधबा, ना फेस. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्येच प्रवाह थांबला तर बहुतेक वेळा हॉप्सचा चोथा जोडणीत अडकलेला असतो. तोटी बंद करा, जोडणी काढा, निर्जंतुक पाण्यात झटका, नळीतली हवा पुन्हा काढा, पुन्हा लावा. फर्मेंटरचं झाकण उघडून पळी घालायचा मोह होतो, तो आवरा. हॉप्स पिशवीत बांधून टाकले असते तर ही वेळ आली नसती, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

केग भरला कधी हे आतून दिसत नाही. अंदाज नको, वजन करा. रिकामा केग आधी काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, साधारण चार किलो भरतं. मग केग काट्यावर ठेवूनच भरा. अठरा लिटर बिअर म्हणजे अठरा किलोच्या किंचित वर. आखूड नळीपर्यंत बिअर चढू देऊ नका, नाहीतर ती गॅसच्या नळीत शिरते आणि उद्या रेग्युलेटरपर्यंत जाते. काटा नसेल तर केगच्या अंगाकडे बघा: थंड बिअर जिथपर्यंत आली तिथपर्यंत बाहेरून दव धरतं. जळगावच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत हे दव नीट दिसत नाही, पावसाळ्यात चांगलं दिसतं. म्हणून काटाच बरा.

भरल्यावर आधी बिअरची नळी काढा, मग गॅसची. सिलिंडर जोडून २ बारचा दाब द्या म्हणजे झाकणाची रिंग घट्ट बसेल, आणि वरच्या थोड्या जागेसाठी चार-पाच वेळा दाब भरून सोडा. या वेळी केग हलवू नका. मग ४ अंशांवर ठेवून रेग्युलेटर ०.८ बारवर आणा. आठवडा-दीड आठवड्यात गॅस नीट मुरतो.

गॅस, ऊन आणि जीव

हा भाग सावद्यात बसून लिहिणाऱ्यालाच सुचेल, कारण स्टुटगार्टला कोणी याचा विचार करत नाही. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. त्यामुळे गार हवेत शांत असलेलं भरलेलं सिलिंडर आपल्या मे महिन्याच्या ४४ अंशांत एकदम चढतं, आतला दाब झपाट्यानं वाढतो. सिलिंडर पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवर, किंवा बसस्टँडसमोर उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. सावलीत, उभं, साखळीनं बांधून ठेवा. गॅस खाद्यपेयांच्या दर्जाचाच मागा, वेल्डिंगच्या सिलिंडरात काय तेलकट अंश असतील ते सांगता येत नाही. किती उरला ते गेजवरून कळत नाही, सिलिंडरसुद्धा वजन करूनच ओळखायचं.

दुसरी गोष्ट जीवाची. आमच्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये फळं कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, म्हणून दार उघडून हवा खेळवल्याशिवाय आत माणूस पाठवत नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखालच्या त्या बंद पोटात ऑक्सिजन उरत नाही म्हणून माल टिकतो, आणि त्याच कारणानं पेव उघडल्या उघडल्या आत उतरणारा माणूस मरू शकतो. जे बिअरला वाचवतं ते आपल्याला गुदमरवतं. केग भरताना दार-खिडक्या उघड्या ठेवा. तळघरात, बाथरूममध्ये, बंद गाडीत हे काम करू नका. डोकं जड वाटलं, दम लागला तर सिलिंडर बंद करायला थांबू नका, आधी बाहेर या. मुलांना याबाबतीत मी फोनवर ओरडतो, आणि ओरडत राहणार.

भरल्यानंतर

हवा शून्य कधीच होत नाही, थोडी आत जातेच. मग तिला काम करू द्यायचं नाही, ते थंडीनं होतं. बिअरवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: ३२ अंशांवर तीन दिवसांत जेवढी बिअर बिघडते, तेवढी २२ अंशांवर तीस दिवसांत आणि ३ अंशांवर तीनशे दिवसांत. स्टुटगार्टच्या तळघरात ठेवलेला केग आणि फ्रिजमधला केग यात फरक पडतो तो यामुळे. आपल्याकडचा सोड्याचा केग तर दुपारी बाहेर ठेवायचाच नाही.

काही जण केगमध्ये थोडी साखर घालून यीस्टला पुन्हा जागं करतात, म्हणजे आत शिरलेला ऑक्सिजन यीस्टच संपवतं. पद्धत चांगली आहे, पण साखर घालायला झाकण उघडणार असाल तर काय कमावलं? साखर घालून उकळून गार केलेलं पाणी, केगमधलं निर्जंतुक द्रव ढकलून काढण्याच्या आधी नाही, नंतर, बंद नळीतून आत ढकलता आलं तरच करा. ऑक्सिजन शोषून घ्यायला चिमूटभर सल्फाइट घालणारेही आहेत. दम्याच्या माणसाला सल्फाइट त्रास देऊ शकतं, म्हणून पाहुण्यांना पाजायच्या केगमध्ये मी ते घातलं नाही.

केगला चिठ्ठी लावा: भरल्याची तारीख, वजन, कोणत्या रस्त्यानं हवा काढली ते. आणि पहिल्याच केगवर एक तपासणी करा, तिच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. केगमधून दोन छोट्या बाटल्या भरा. एक बाटली तोटीला नळी लावून तळापासून फेस येईपर्यंत भरा आणि फेसावरच बूच लावा. दुसरी अर्धीच भरा, बूच लावून चांगली हलवा. दोन्ही कपाटात, घरातल्या उबेत दोन आठवडे ठेवा आणि मग गार करून शेजारी शेजारी दोन पेल्यांत ओता. भाच्यानं परवा हे केलं. फोनवर मला दोन्ही पेले खिडकीच्या उजेडात धरून दाखवले, एक लिंबाच्या सरबतासारखा, एक गुळाच्या पाण्यासारखा. मग दुसऱ्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "मामा, पुठ्ठा म्हणजे हा का?"

हो, हाच.